बॅच स्वच्छ आहे

आइंडहोवन,
सप्टेंबर २००५

प्रिय भागू,

फोन सोडून आईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुला. वाटू दे. फोनवर तू नुसतं ‘हं आई, हं आई’ करतेस, मागे तुझी यंत्रं घरघरत असतात आणि मी काय सांगायचं तेच विसरते. आज जे सांगायचंय ते सवडीनं सांगायचंय. तेव्हा हात पूस, चहा घेऊन बस आणि आधी शेवट वाचू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तेच करायचीस, आठवतंय ना?

आम्ही दोघं इथे मजेत आहोत. तुझ्या दादाचं घर आटोपशीर आहे, फक्त जिना म्हणजे शिडी आहे नुसती. तुझी वहिनी मृदुला ऑफिसला सायकलवर जाते, भर पावसातसुद्धा, आणि वर ‘आई, यात काय एवढं’ म्हणते. तुझ्या बाबांना आल्बर्ट हाइन नावाच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यातलं ताक सापडलंय. त्या दिवसापासून नेदरलँड्स हा देश त्यांच्या दृष्टीनं पास झाला. रोज सकाळी स्वतः जाऊन आणतात आणि दुकानातल्या मुलीला मराठी वळणाचं ‘दांक यू वेल’, म्हणजे धन्यवाद, म्हणून येतात.

तुझा प्रश्न मी विसरलेली नाही. जुलैत तू म्हणालीस, आई, माझी स्वतःची बीअरची ब्रुअरी ऑक्टोबरात सुरू होतेय, पाटी रंगवायला द्यायचीय, तिच्यावर आपलं ‘फणसळकर’ लावू का, बाबांना विचार. मी त्याच दिवशी विचारलं. ते उठले आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. जुलैत! बाहेर धो धो कोसळत होतं! मी म्हटलं, अहो, पोरीनं काही विचारलंय. तर म्हणतात, बघू. तेव्हापासून ते ‘बघू’ तसंच लोंबकळत होतं, आणि तूही मानी, पुन्हा विचारलं नाहीस.

तुला माहीत नाही, पण पिंपरीत लोकांनी तुझी चौकशी केली की बाबांचं एकच उत्तर असायचं. मुलगी फर्मेंटेशनमध्ये आहे. आता आपल्या कॉलनीत निम्मी माणसं बाबांसारखीच पेनिसिलिनच्या टाक्यांवर जन्म काढून निवृत्त झालेली. फर्मेंटेशन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर औषध उभं राहतं, दुसरं काही नाही. वा वा, बापाचीच लाइन घेतली, म्हणून खूश व्हायचे सगळे. नीळकंठकाकांनी तर एकदा विचारलं, तिच्या कंपनीचं नवीन अँटिबायोटिक बाजारात कधी येणार? बाबा म्हणाले, काम चालू आहे. खोटं एक अक्षर नाही, आणि खरंही नाही! माझा असा संताप व्हायचा म्हणून सांगू. अहो, पोर राबते, चार लोक तिचं नाव घेतात, तिनं काय कुणाची चोरी केलीय? पण या विषयावर त्यांचं तोंड म्हणजे कुलूप.

आता गेल्या रविवारचं ऐक. दुपारी ऊन पडलं. इथे ऊन पडलं की माणसं वेडी होतात, तशी दादानं मागच्या बागेत तीन माणसं जेवायला बोलावली. शेजारचा योप, म्हणजे निवृत्त शाळामास्तर, उंच आणि हेकट. आणि दादाच्या ऑफिसातला डग नावाचा अमेरिकन आणि केली नावाची त्याची बायको. डग कॅलिफोर्नियाचा, केली तुझ्या ऑरेगनची. कोळशावर मक्याची कणसं आणि मृदुलानं मसाला लावलेलं पनीर, ताटल्या हातात, सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात योपनं काडी टाकली. म्हणाला, अमेरिकेत बीअर नसतेच, पिवळं पाणी असतं. बीअर प्यायची तर इथून सायकल काढावी आणि बेल्जियममध्ये जावं, तिथे साधूसुद्धा मठात बसून उत्तम बीअर करतात.

झालं! डग उसळला. म्हणाला, तू ज्याला अमेरिकन बीअर म्हणतोस ती मोठ्या कारखान्यांची, खरी बीअर छोट्या ब्रुअऱ्यांत होते, आणि त्यात कॅलिफोर्नियाचा हात कुणी धरू शकत नाही. तशी केलीही उसळली. कॅलिफोर्निया? बीअरला लागणारी हॉप्सची फुलं पिकतात आमच्याकडे, आणि नाव तुमचं? मग नवराबायकोची अशी जुंपली की योप राहिला बाजूला. ही एक ब्रुअरी सांगते, तो दुसरी. नावं तरी काय एकेक, कुठे नांगर, कुठे धोंडा, कुठे फुगलेलं शीड! मी मृदुलाला विचारलं, हे बीअरचं बोलतायत की कोळीवाड्याचं?

शेवटी दादा म्हणाला, भांडू नका, चाखून ठरवू. ॲमस्टरडॅमच्या एका दुकानातून आणलेल्या कॅलिफोर्नियाच्या बाटल्या होत्या त्याच्याकडे, मठातली एक होती, आणि ऑगस्टमध्ये कामासाठी ऑरेगनला आला तेव्हा तू दिलेल्या तुझ्या नमुन्याच्या बाटल्यांतली जपून ठेवलेली एक. लेबल दिसू नये म्हणून त्यानं सगळ्या बाटल्यांना आपले क्रिकेटचे मोजे चढवले. धुतलेले होते, काळजी करू नकोस. आम्हाला हळूच सांगितलं, निळ्या पट्ट्याचा मोजा म्हणजे भागूची. बाबांनी ऐकलं आणि मान वळवून कुंपणाकडे बघत बसले, ताकाचा पेला हातात घट्ट धरून.

निळ्या मोज्यातली ओतली तशी माझ्यापर्यंत पपनसाच्या सालीचा वास आला. योपनं घोट घेतला. डोळे मिटले. आणि तो मोठ्यांदा म्हणाला, लेकर! परत एक घोट घेतला, परत म्हणाला, लेकर, लेकर!

भागू, तुझे बाबा ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, दादानं याला सांगून टाकलं, आणि हा मास्तर मराठीत विचारतोय, तुमचंच ना हे लेकरू? छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘येस, येस! माय डॉटर!’

योप तर बघतच राहिला. त्यांच्या भाषेत लेकर म्हणजे चविष्ट गं! तो बिचारा चांगली लागली एवढंच म्हणत होता. मग दादानं मोजा काढला, तुझी बाटली दाखवली, आणि केलीनं अशी किंकाळी मारली की पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. तुमच्या मुलीनं केलीय? आमच्या ऑरेगनमध्ये? आता बाबा पुरते अडकले. लालबुंद झाले, पण खाली काही बसले नाहीत. हात पुढे करून त्यांनी तो ग्लास मागितला. मला वाटलं, आता पितात की काय! ते कुठले प्यायला. ग्लास नाकाशी नेला, इडलीचं पीठ हुंगतात ना, तसाच. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, बॅच स्वच्छ आहे.

या शब्दांची किंमत त्या बागेत आम्हा घरच्यांनाच माहीत होती. टाकीत नको तो जंतू शिरला की सगळा माल गटारात, आणि बाबा घरी येऊन न जेवता झोपायचे. बॅच चांगली निघाली की पायातले बूट काढायच्या आधी दारातून हेच तीन शब्द यायचे आणि तू धावत जायचीस. दादाचे डोळे भरले. माझे तर भरलेच, त्यात लपवायचं काय?

पुढे काय झालं म्हणतेस? डगनं कॅलिफोर्नियाची एक पहिली ठरवली आणि तुझी दुसरी. योपनं मठातल्या साधूंनाच पहिलं ठेवलं, पण त्यांच्यानंतर भार्गवी, असं म्हणाला. चांगलाच मान होता तो. पण बाबा भडकले ना! दुसरी का? कारण सांगा! डग हसून म्हणाला, पण तुम्ही तर एक थेंबही घेतला नाहीत. बाबा म्हणाले, मी जन्मात पेनिसिलिनही प्यायलो नाही, पण चांगलं कुठलं ते मला कळायचं. मग यीस्ट, तापमान, हवा, टाकी कशी धुवावी, सगळं त्या दोघांना समजावत बसले. केली त्यांच्या बाजूनं. मी मात्र तुझ्यासाठी घोटभर घेतली हं. खरं सांगू? कडू जहर! काडेचिराईत परवडला. पण एवढी माणसं वाहवा करतात म्हणजे असणार चांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, आता तरी सांगा, पाटीवर ‘फणसळकर’ लावू दे ना तिला? ते म्हणाले, नको. मी तोंड उघडणार, तर म्हणाले, थांब, बोलू दे. फणसळकर पिंपरीच्या फोनबुकात रांगेनं आहेत, त्यातल्या एकालाही हे जमलं नाही. मीसुद्धा आयुष्यभर दुसऱ्याच्या टाक्या सांभाळल्या. ही टाकी तिची, कष्ट तिचे, मग आडनावानं फुकटचा मान का घ्यावा? तिला सांग, पाटीवर नुसतं ‘भार्गवी’ लिही, चांगलं ठसठशीत. अमेरिकनांना म्हणता येत नसेल तर शिकतील. आणि फोनवर नको सांगूस, लिहून पाठव, मी मंजूर केलंय हे तिच्याकडे कागदावर असू दे. म्हणून हे पत्र, भागू. मी लिहितेय आणि आत त्यांचा पिंपरीला फोन चाललाय, भिंतीपलीकडून मला स्वच्छ ऐकू येतंय, ‘नाही हो नीळकंठराव, औषध नाही. बीअर. बीअर करते माझी मुलगी.’

तुझीच, एका घोटानं बाटलेली,
आई