एकोणसाठ नंबरच्या पेट्या

प्रिय मामा,

आई म्हणते, तू जेवतोस, पण कुणाशी बोलत नाहीस. सोमवारपासून मी तीनदा तुझ्या मळ्याच्या कडेपर्यंत येऊन परत गेलो. समोर उभा राहिलो तर तोंडातून शब्द फुटणार नाही, म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन तू सुटू दिलं नाहीस. आज तेवढंच जवळ आहे.

पॅकहाऊसची बातमी वाईट आहे. परत आलेल्या कंटेनरमधली ब्लूबेरी जॅमच्या कारखान्यानेही घेतली नाही. मागच्या आवारात ओतून तिच्यावर ट्रॅक्टर फिरवला. अजून चालताना बूट चिकटतात. डब्या भरणाऱ्या बायका आठ दिवस घरी बसल्यात. ताजं फळ बाहेरदेशी पाठवायचं म्हणून सगळ्यांना गोळा केलं होतंस तूच. कारखान्याच्या दारात पडेल त्या भावाला उभं राहण्यापेक्षा परक्या माणसाने आपलं फळ निवडून घ्यावं, असं म्हणायचास. त्याच्या जोरावरच इथली पोरं इथे टिकली.

आणि त्याच गटाने बैठकीत तुझ्याकडे बोट दाखवलं. बुरशीचं औषध मारल्यावर चौदा दिवस तोडणी करायची नाही, हा नियम तुझाच. औषधाचा अंश सापडला त्या पेट्यांवर मळ्याचा नंबरही तुझा, एकोणसाठ. तू एकदाच म्हणालास, मी मारलं नाही. कुणीतरी विचारलं, पेटीवरची चिठ्ठी लिहिताना नंबर चुकला असेल का? चिठ्ठ्या लिहिणारा मीच. मी खाली बघत राहिलो. तू हसलास.

"आमच्या शुद्धलेखनाच्या हातून आकडा चुकायचा नाही," म्हणालास. "माझंच काही राहिलं असेल."

मग कुणी काही विचारलंच नाही.

मामा, आकडा चुकला होता. त्या दिवशी ट्रॉली आली तेव्हा शीतगृहाचा पंखा घरघरत होता. ड्रायव्हरने तोंडातला घास न गिळताच नंबर ओरडून सांगितला. मी एकोणसाठ ऐकलं आणि चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. परत विचारायची लाज वाटली. बैठकीनंतर तोडणीची वही उघडली, तर त्या तारखेला तुझ्या मळ्यात तोडणीच नव्हती. तोडणी एकसष्टमध्ये होती. ड्रायव्हर एकसष्ट म्हणाला होता.

एकसष्ट म्हणजे आमचाच मळा. बाबांना विचारलं. तोडणीच्या तीन दिवस आधी फवारणी केली, असं त्यांनी सरळ सांगितलं. म्हणाले, मामाला पोरंबाळं नाहीत, त्याचं भागेल. मला म्हणाले, तू आता गप्प बस. बैठकीत ते तुझ्या शेजारीच बसले होते. तुला पाणीही त्यांनीच दिलं.

उद्या तुझं नाव गटाच्या यादीतून काढणार आहेत, म्हणून हे सगळं मी दोनदा लिहिलं. एक प्रत सही करून, वहीसकट, आज सकाळी तपासणी अधिकाऱ्याच्या हातात दिली. तुझं पत्र आधी दिलं असतं तर तू मला थांबवलं असतंस, आणि मी थांबलो असतो. आता तुझ्याऐवजी आमचं नाव कटेल. बाबांना संध्याकाळपर्यंत कळेल. हे पत्र आईच्याच हाती पाठवतोय, तिला यातलं काही माहीत नाही. वाचून झालं की तिला लगेच परत पाठवू नकोस. चार दिवस ठेवून घे.

तुझाच,
भाचा