बिनमिठाचं कालवण

दादा,

मी 'खारवारा' बँडच्या पोरांबरोबर मुंबईला चाललेय. आज आठ वाजता टीव्हीवर ते आईचं गाणं वाजवणार आहेत आणि त्यांच्यातल्या नवीनने मला मागे गायला बोलावलंय.

कोणतं गाणं घ्यावं, यावर फॅन ग्रुपवर चार दिवस भांडणं झाली. बाकीचे काय बोलले, त्याचं मला काही नाही. पण तू लिहिलंस, "ते रडगाणं नको, लोक झोपतील. काहीतरी ढणढणीत वाजवा." खाडीच्या वाऱ्यात सुकट वाळत घालताना आई तेच गुणगुणायची, आणि तिचा पदर मुठीत धरून तूच झोपायचास ना रे?

आपल्या सेटटॉप बॉक्सचं कार्ड मी बरोबर नेतेय, शोधत बसू नकोस. बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. त्यात मीठ मुद्दाम घातलेलं नाही. मिठाची बरणी अहिल्याकाकूंकडे दिलीय. तिथे सगळी आळी टीव्हीसमोर बसलेली असेल, आणि तुझा मेसेज मी सगळ्यांना वाचून दाखवलाय. गाणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय काकू बरणी देणार नाहीत.

झोप आलीच, तर त्यांच्याच ओट्यावर झोप.

मुक्ता