वेशीपर्यंतचा फेटा

११ फेब्रुवारी, बुधवार

"दुधनी ते सोलापूर रस्त्यावरून रोज दुचाकी चालवणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! या रस्त्याने तुमच्या पाठीचा एकेक मणका मोजला आहे. रातोरात डांबराचा ढीग टाकतात, त्याला गतिरोधक म्हणतात. पांढरा पट्टा नाही, पाटी नाही. त्या ढिगाने रविवारी माझ्या मित्राला, कल्लप्पाला, डोक्यावर आपटलं. तो अजून शुद्धीवर नाही. मी ठेकेदाराला विचारतो – दोन पट्टे मारायला किती रंग लागतो?"

इथपर्यंत लिहून श्रीमंतला फोनवर वाचून दाखवलं. श्रीमंत माझा जुना विद्यार्थी, आता प्रवासी कृती समितीचा अध्यक्ष. म्हणाला, "गुरुजी, दगडसुद्धा उठून चालतील की." सभा बावीस तारखेला, कल्लप्पा पडला त्या फाट्यावरच.

पुढचं वाक्य येत नाही. चाळीस वर्षं व्यासपीठावर बोलतोय. वाक्याची वाट पाहायची वेळ कधी आली नव्हती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी टेंपोत घालून आणली. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात ती चांगली असतानाही अडकायची. आज चौघांनी आडवी-तिडवी करून दारात लावली. पुढच्या काचेला तडा, डाव्या बाजूचं फायबर फुटलेलं, आरसा नाही. इंजिन मात्र पहिल्या बटणाला सुरू झालं. मला ते आवडलं नाही.

निवृत्त झालो त्या वर्षी घेतली. मॅक्सी-स्कूटर म्हणतात. गुडघे गेलेले, गियर पायाने पाडवत नव्हते. आणि आयोजकांच्या जीपचा कंटाळा आला होता. जीप पाठवली की तिच्यातून ते आपली मतंही पाठवतात – "गुरुजी, तेवढा विषय नको, आमदार येणार आहेत." स्वतःच्या गाडीवर गेलेला वक्ता हवं ते बोलतो आणि हवं तेव्हा उठतो. नातेपुत्याला गेलो, दुधनीला गेलो, सीमेपलीकडे कन्नड मुलखात गेलो. पाय पुढे सोडून बसायचं, पाठीला टेकू, समोर कपाळापर्यंत येणारी काच. शंभर किलोमीटर गेलं तरी अंग दुखत नाही.

कल्लप्पा पहिल्या दिवसापासून मागे. यंत्रमागावर जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. तिथल्या आवाजाने कान अधू, त्यामुळे सगळं ओरडून सांगायचा. पहिल्यांदा बसला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, ही गाडी न्हाई, आरामखुर्ची हाय. आता चहा ठिवायला तेवढी जागा करा." नाव त्यानेच ठेवलं – हत्तीण. सिग्नलला कोणी विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देते?" की मागून हाच उत्तर द्यायचा, "हत्तीला कुणी ॲव्हरेज इचारतंय व्हय रे?"

परतीच्या वाटेवर तो माझ्या भाषणाचा हिशेब करायचा. "दोन ठिकाणी लांबलं. बाया चुळबूळ करत व्हत्या. त्यो इंग्रजाचा किस्सा काढून टाका, लोकास्नी पाठ झालाय त्यो." माझ्या भाषणाचा एवढा खरा श्रोता दुसरा नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सीट उचलली. खाली डिकीत दोन्ही हेल्मेट शेजारी शेजारी. एकालाही ओरखडा नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहायलाच हवं. वहीशी खोटं बोलायला लागलो तर मग उरलं काय?

रविवारी दुधनीत मंडळाच्या व्याख्यानमालेत माझं व्याख्यान होतं. सकाळची वेळ, मंडप भरलेला. मी चांगला बोललो. मंडळाच्या पोरांनी शाल-नारळ दिला आणि आम्हा दोघांनाही फेटे बांधले. कल्लप्पाला फेटा बांधायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "गुरुजींबरोबर आलेत म्हंजे ते बी पाहुणेच," म्हणाले. कल्लप्पाचा चेहरा! त्याला आयुष्यात कोणी फेटा बांधला नव्हता. लग्नातला सोडून.

जेवण झालं. तीन वाजता निघालो. पोरं गाडीपर्यंत आली. कल्लप्पाने फेट्याला हात घातला आणि म्हणाला, "गुरुजी, हेल्मेट?"

आमच्याकडे बांधलेला फेटा बांधणाऱ्याच्या समोर उतरवत नाहीत. पाहुण्याने तो डोक्यावर घेऊनच वेस ओलांडायची. नाहीतर गावाचा मान पायाखाली गेला. मी म्हणालो, "राहू दे. वेशीपर्यंत असू दे. मग थांबू." आणि माझ्या हाताने दोन्ही हेल्मेट डिकीत ठेवली.

वेस आली. मी थांबलो नाही.

का नाही थांबलो, हे सहा दिवस शोधतोय. घाई नव्हती. कानात टाळ्या होत्या, हे एक. आणि दुसरं – ती काच. साध्या मोटारसायकलवर असतो तर वाऱ्याने फेटा कधीच सुटला असता, झक मारत थांबावं लागलं असतं. या गाडीवर डोक्याला वारा लागत नाही. ऐंशीच्या वेगात फेट्याचा तुरासुद्धा हलला नाही. उजव्या आरशात मला तो ताठ दिसत होता, आणि खोटं कशाला लिहू, बरा दिसत होता.

फाट्यावर तो ढीग आला. गाडी उडाली, मी हँडल धरून राहिलो आणि गाडीबरोबर डाव्या अंगावर घसरलो. कल्लप्पाला धरायला काही नव्हतं. तो मागे पडला. फेटा सुटून रस्त्यावर लांबलचक पसरला. लोकांनी त्यानेच त्याचं डोकं बांधलं.

माझं कोपर खरचटलं आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परवा दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला होता. श्रीमंत माझ्या शेजारी. "हेल्मेट होतं का?" मी तोंड उघडायच्या आत श्रीमंत म्हणाला, "होतं की साहेब. गुरुजी कायद्याचे लई पक्के." पोलिसाने लिहिलं. मी सही केली.

आज बायकोला, महानंदाला, सांगितलं. ती गव्हातले खडे काढत होती, थांबली नाही.

"मल्लव्वाला सांगितलंत? नवरा तिचा पडलाय."

"नाही."

"मग मला कशाला सांगता? माझं डोकं फुटलंय का?"

संध्याकाळी श्रीमंतलाही सांगितलं. त्याने चप्पल जमिनीवर घासली. मग म्हणाला, "गुरुजी, खरं तुमचं, पण घात आमचा. ठेकेदाराचा वकील टपूनच बसलाय. फेट्याचं निघालं की तो गतिरोधक गेला बाजूला. त्या फाट्यावर वर्षात चौघं पडलेत. त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. हीच अडचण आहे. खोटारड्याने गप्प बसायला सांगितलं असतं तर मी तासभर भाषण दिलं असतं. हा पोरगा प्रामाणिक आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दवाखाना. काचेतून पाहिलं. तसाच.

मल्लव्वा बाहेरच्या बाकावर डबा घेऊन. मला अर्धी भाकरी दिली. "गुरुजी, तुमी त्यास्नी सोडू नका," म्हणाली. मी मान हलवली आणि भाकरी खाल्ली. कशी खाल्ली!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज शिवजयंती. दवाखान्याकडे चालत जाताना रस्ता ओलांडता येईना. दुचाकींची रॅली. पोरं, पोरी, एकेका गाडीवर दोघं, तिघं. सगळ्यांच्या डोक्यावर भगवे फेटे. गॉगल. एका पोरीने मला ओळखलं, "जय शिवराय, गुरुजी!" मी हात वर केला. मी तिच्या डोक्याकडे पाहत होतो. पुढच्या महिन्यात लग्न असावं अशी ताजी, हसरी पोर. चौकात उंचवटा आहे. तिची गाडी त्यावरून गेली, डोकं हललं, फेटा हलला, ती हसतच पुढे गेली.

तसाच दवाखान्यात वर गेलो आणि मल्लव्वासमोर उभा राहिलो. बसलो नाही. सगळं सांगितलं. हेल्मेट डिकीत मी ठेवलं. वेशीला मी थांबलो नाही. जबाबावर सही माझी.

तिने बाकावरचा डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय?"

"त्यांनी निघताना फोटो धाडलाता. तुमी दोघं गाडीवर बसल्यालं, फेटं बांधून." तिने फोन काढून दाखवला. कल्लप्पाने छाती फुगवलेली. "त्या दिवशीच कळलं की मला. हितं समदी म्हणत हुती रस्त्यानं मारलं, रस्त्यानं मारलं. मी म्हणलं, गुरुजी सांगतील. दुसऱ्या दिवशी सांगतील. तिसऱ्या दिवशी सांगतील."

"वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? बोलायचं काम तुमचं हाय."

रागावली असती तर बरं झालं असतं. फोटोकडे पाहत म्हणाली, "लई आवडला हुता त्यास्नी फेटा. मला फोनवर म्हणलं, येताना असाच येतो, गल्लीत बघू दे समद्यास्नी."

म्हणजे वेशीवर मी थांबलो असतो तर तो नाही म्हणाला असता का? हा विचार आला आणि क्षणभर हलकं वाटलं. लगेच स्वतःची शिसारी आली. त्याने विचारलं होतं – "गुरुजी, हेल्मेट?" त्याने विचारलं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कल्लप्पाने डोळे उघडले. डॉक्टर म्हणतात जिवाचा धोका टळला. उजवी बाजू हलत नाही. बोलणं गेलं; येईल किंवा येणारही नाही. मी जवळ गेलो तेव्हा त्याने ओठ हलवले. फक्त "ब–ब–" असा आवाज आला. त्याला ते कळलं आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

आता माझ्या भाषणाचा हिशेब कोण करणार?

२२ फेब्रुवारी, रविवार

गाडी चालवत गेलो. तडा गेलेल्या काचेसकट. हेल्मेट घालून. दुसरं डिकीत.

चारशे माणूस असेल. बहुतेक सगळे दुचाकीवर आलेले, रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्यांची रांग. गतिरोधकावर समितीने स्वतःच चुन्याचे पट्टे मारले होते. स्टेजवर चढलो आणि पाहतो तो काय – ताटात शाल, नारळ आणि फेटा. प्रमुख वक्त्यांचा सत्कार! कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. खरी गोम तीच आहे. एकाने फेट्याचं टोक माझ्या कपाळाला लावलं. मी त्याचा हात धरला आणि तसाच माईकपाशी गेलो.

लिहिलेलं भाषण खिशात होतं. काढलं नाही. ठेकेदार दोषी आहे, हे म्हणालो. त्याला सोडायचं नाही, हेही म्हणालो. मग म्हणालो, "आणि कल्लप्पाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. फेटा होता. तो मी राहू दिला. जबाबात मी खोटं लिहून दिलं."

मी सभा तापवल्या आहेत, हसवल्या आहेत. एवढी गप्प सभा कधी पाहिली नव्हती. मग मागून एक जण म्हणाला, "मग आमाला कशाला बोलवलंय हितं?" काही गाड्या सुरू झाल्या. श्रीमंत माझ्याकडे पाहत नव्हता. मी एवढंच बोललो, चार मिनिटं. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण, आणि बहुधा सगळ्यात पडलेलं.

खाली उतरलो तर एक म्हातारा शेतकरी आपल्या मोटारसायकलपाशी उभा राहून डोक्याचा पटका सोडत होता. हँडलला अडकवलेलं हेल्मेट त्याने उलटसुलट करून पाहिलं, घातलं आणि निघून गेला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ठाण्यात जाऊन जबाब बदलला. हवालदाराने दोनदा वाचून दाखवलं. "गुरुजी, कालपतुर तुमी फिर्यादी हुता. आता आरोपी." सही केली. गाडी तिथेच जमा केली, चावी टेबलावर ठेवली. चालत घरी आलो.

दुधनीच्या मंडळाला हा निरोप पाठवला: येत्या रविवारी तुमच्या व्याख्यानमालेत बोलायला येणारा पुढचा वक्ता मोटारसायकलवर येतो आहे. फेटा त्याच्या हातात द्या. डोक्यावर बांधू नका.