बोळातून केबल नेण्याची परवानगी न मिळाल्यासारखी करणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (रस्ते),
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : घरापासून मागच्या खोलीपर्यंत बोळ खोदून इंटरनेटची केबल नेण्यास दिलेली परवानगी सोमवारपूर्वी थांबवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. २) आपला मंजुरीचा आदेश, जो आशा सोडल्यावर आला.

महोदय,

१. अर्जदाराचे घर व त्याच घराची मागची खोली यांच्यामधून सार्वजनिक बोळ जातो. अर्जदाराचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढतो. पाहुण्यांदेखत वडील त्याला म्हणाले, "घरात बसून बोटं आपटणं म्हणजे नोकरी नव्हे." भाऊ त्याच दिवशी कॉम्प्युटर उचलून मागच्या खोलीत राहायला गेला आणि बोळावरून केबल टाकून त्याने तिथे इंटरनेट नेले. त्यानंतर वर्षभर बापलेकांत अबोला. जेवणाचे ताट अर्जदार पोचवत असे.

२. केबल लोंबते म्हणून आपल्या पथकाने ती कापली. नवी केबल जमिनीखालूनच न्यायची, असा नियम निघाला. खोलीत मोबाइललाही रेंज नाही. भावाच्या सांगण्यावरून अर्जदाराने आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. एकदा नकाशा मागितला गेला, एकदा तो गहाळ झाला, एकदा तर बोळच दप्तरी सापडेना. त्या काळात अर्जदाराने आपल्या कार्यालयाला मनातल्या मनात जे शिव्याशाप दिले, ते अर्जदार या अर्जाद्वारे परत घेत आहे.

३. कारण, केबल नसल्याने भावाला कामासाठी घरात येऊन बसावे लागले, आणि राउटर वडिलांच्या पलंगाशी आहे. सुरुवातीला दोघे एकमेकांकडे पाठ करून बसत. अर्जदाराचा जीव टांगणीला लागलेला असे. वडील निवृत्त वायरमन आहेत. एके दुपारी त्यांनी भावाच्या टेबलाजवळ नवा प्लग बसवून दिला. हल्ली दोघे एकाच वेळी जेवायला बसतात.

४. आपली माणसे सोमवारी खोदायला येणार आहेत. कार्यालयातून हाती मिळालेला आदेश आजपर्यंत अर्जदाराच्या पर्समध्ये होता व घरात तिने "अजून काही कळलं नाही" असे सांगितले आहे. मोजमापाला आलेल्या आपल्या कर्मचाऱ्यास "कुत्रा चावतो" असे सांगून तिने दारातूनच परत पाठवले. कुत्रा नाही.

५. तरी कोणताही नियम लावावा. नकाशा पुन्हा मागवावा, बोळ पुन्हा हरवावा. अगदीच न जमल्यास फाइल तळमजल्यावर पाठवावी. तिथून एखादी फाइल वर आल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात नाही.

६. काल जेवताना वडील भावाला म्हणाले, "परवानगी आली की केबल मीच ओढून देतो." भाऊ ताटाकडे बघत म्हणाला, "घाई नाही, बाबा." अर्जदार भाजी आणायला म्हणून आत गेली आणि तिथेच उभी राहून रडली.

त्या दोघांना घाई नाही. कार्यालयानेही करू नये, एवढीच विनंती.

आपल्या विलंबाची ऋणी,
आपली नम्र,
(सही)
घरातली थोरली मुलगी

दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत : मंजुरीचा मूळ आदेश, परत.

टीप : उत्तर पाठवू नये. टपाल भाऊ घेतो.