चौदा नंबरचं कार्ड

सोमवार, ४ मार्च

माझ्यावर वाक्य लिहिलंय! चक्क शब्दकोशात!

नव्या आवृत्तीसाठी ‘फॉर्मिडेबल’चं कार्ड तपासत होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भीती’. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द. अर्थ — धडकी भरवणारा. इथवर ठीक. खाली उदाहरणाचं वाक्य, टाइप केलेलं : ‘बाई दारात आल्या की हसणारेही खोकू लागतात.’

विभागात ‘बाई’ म्हणतात ती मी एकटीच. कार्डावर आम्ही नाव घालत नाही, मागे लिहिणाऱ्याचा नंबर असतो. नंबर चौदा. म्हणजे नवी मुलगी! वाटलंच होतं. फार गोड बोलते.

मंगळवार, ५ मार्च

कार्डाच्या कडा पिवळ्या आहेत. जुन्या गठ्ठ्यातलं कोरं कार्ड मुद्दाम काढलं असणार. लबाड!

बुधवार, ६ मार्च

पाय न वाजवता आत गेले. हसणं चाललं होतं. मला पाहताच नवी मुलगी खोकली!

कार्ड तिच्यापुढे आपटलं. “बाई, आईशप्पथ, मी नाही हो लिहिलं!” चोराच्या मनात चांदणं.

तिला कायम करायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर आहे. ‘करू नये’ असं लिहून साहेबांकडे पाठवलं. घरी ताईला सांगितलं तर म्हणते, “चोर सोडून संन्याशाला फाशी देशील हं!” हिला काय कळतंय कोशातलं.

गुरुवार, ७ मार्च

पुरावा हवा म्हणून नंबरांचं जुनं रजिस्टर मागवलं. माणूस गेला किंवा वर चढला की त्याचा नंबर पुढच्याला देतात, हे मीच सगळ्यांना शिकवते. आणि मीच विसरले.

चौदा नंबरावर आजवर तिघं. पहिलं नाव माझं. एकोणतीस वर्षांपूर्वीचं.

आठवलं. तेव्हाच्या बाई. त्यांची चाहूल लागली की हसता हसता मी खोकू लागायचे. त्या रागानं लिहिलं होतं ते वाक्य. अशी कधी होणार नाही, असंही ठरवलं होतं. शरम वाटते.

शुक्रवार, ८ मार्च

मुलीची माफी मागितली. ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

मग साहेबांकडे शेरा परत मागायला गेले. दाराबाहेरून ऐकलं, फोनवर मोठ्यानं हसत होते. मी दार ढकललं.

साहेब खोकले.