मेमरी वाढवली तरी दुधाची गाडी

प्रिय मेहुणेबुवांस,

निवृत्त बसचालकाचा सप्रेम नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? दुकानात दिवसभर वाकून लोकांचे संगणक उघडता, मग कंबर दुसरं काय करणार? इकडे तुमच्या ताईची तब्येत उत्तम. माझ्या चुका दाखवायचं काम मिळाल्यापासून तिला स्वतःच्या गुडघ्यांचाही विसर पडला आहे.

आमच्या संगणकात तुम्ही बसवलेल्या नव्या मेमरीने फरक पडला का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ताई शेजारीच होती म्हणून नुसतं 'हो हो' म्हणालो. आता सविस्तर लिहितो. मागे मी घरची गाडी फाटकाच्या खांबाला टेकवली (खांब गाडीला टेकला, असं माझं आजही म्हणणं आहे), तेव्हापासून लेकीने गाडी विकायचा धोशा लावला होता. तीस वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा नाही, हे मी तिला पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली, तेव्हाचं राहू दे, आता चालवून दाखवा. आणि संगणकावर बस चालवायचा खेळ घालून दिला. आगारापासून शेवटच्या थांब्यापर्यंत एक फेरी धडक न देता केली तर गाडी राहील, नाहीतर विकायची. मी म्हटलं, हा तर पोरखेळ.

कसला पोरखेळ! माझा पाय टेबलाखाली ब्रेक शोधायचा आणि पायपुसणं दाबायचा. मागचं चाक वळलं का, हे बघायला सवयीने खुर्चीतून बाहेर वाकलो तो थेट कपाटाच्या दारावर. घंटीशिवाय बस हलवणं पायाला पटेना, म्हणून तुमची ताई मागे स्टुलावर बसून पेल्यावर चमचा वाजवू लागली. (कंडक्टर म्हणून बाई फार कडक. लांबून एक म्हातारी येताना दिसली, तर तिने अख्खी बस खोळंबून ठेवली. म्हातारी दुसऱ्याच गल्लीत गेली.) इथवर संसार सुखाचा होता. पण बाजाराच्या चौकात डावीकडून दुधाची गाडी यायची. यायची कसली, उगवायची. रस्ता मोकळा, मोकळा, आणि एकदम दूध. रोज तिथेच धडक. चित्रही अडखळायचं. ते बघून तुम्हीच म्हणालात की मेमरी कमी पडली की संगणकाला वस्तू वेळेवर दाखवता येत नाहीत. त्या वाक्याने मला जेवढं बरं वाटलं, तेवढं निवृत्तीच्या सत्कारातही वाटलं नव्हतं. लेकीला तेच ऐकवलं आणि नवी मेमरी बसेपर्यंत मुदत मिळवली.

तर मेमरी बसली. खोटं कशाला बोलू, बस लोण्यासारखी चालते. झाडांची पानं हलतात, थांब्यावरच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. त्याच थाटात चौकात पोचलो. रस्ता मोकळा, मोकळा, आणि एकदम दूध.

मागे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. "अहो," तुमची ताई म्हणाली, "ती गाडी केव्हाची येताना दिसत होती."

मी म्हटलं, तुझ्या बाजूला चित्र आधी पोचत असेल. यावर तिने माझी चूक काढायचं सोडून चहा टाकला. तुमची ताई चूक काढत नाही तेव्हा काळजी करावी, हे मी तुम्हाला काय सांगू?

असो. तुमचा माल चोख आहे, आणि तीच माझी तक्रार आहे.

तुमचा,
भावोजी

ता. क. लेक शनिवारी निकाल ऐकायला येणार आहे. त्याआधी तिला फोन करून सांगा की एवढ्या मेमरीने भागत नाही, अजून दुप्पट लागेल. तुम्ही जाणकार, तुमचं ती ऐकेल.

ता. क. पुन्हा. वरचं राहू द्या, फोन करू नका. पाकीट चिकटवण्याआधी उजवा डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. त्यात सातपासून अकरापर्यंतचे आकडेच नव्हते. डावा डोळा झाकून बघितलं, तरी तीच गत. घाबरलो, मेहुणेबुवा. ताईला सांगितलेलं नाही, पण तिला माझ्या आधीच कळलंय असं वाटतं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तेवढे या. आपल्याच गाडीने जाऊ. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. डावीकडचं तुम्ही बघा, उजवीकडचं मी सांगेन.