नळ चालू असताना भरलेली पिंपं

तीर्थरूप आत्यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबरेला पट्टा बांधलाय, त्यामुळे तूर्त तो कागदावरच स्वीकारावा. पट्टा का, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? जड उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते पाळता ना? बादल्या वगैरे उचलत नाही ना? मी आपलं सहज विचारतोय. तुम्ही आत्या आहात, पण शाळेत माझ्या मुख्याध्यापिकाही होतात, त्यामुळे तुम्हाला थेट काही विचारायचं म्हटलं की अजून आधी हात वर करावासा वाटतो.

इकडे माझं काही बरं नाही. सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, तलावाचा तळ दिसायला लागला आणि शहराच्या पाण्याची योजना माझ्या टेबलावर येऊन बसली. पाच दिवसांनी एकदा पाणी सोडलं की लोक दिसेल ते भांडं भरून ठेवतात आणि पुढच्या खेपेला पाणी आलं की आधीचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतात. निम्मं शहर न वापरलेलं पाणी गटाराला पाजतं. म्हणून मी साहेबांना म्हटलं, नळाला कायम पाणी ठेवून बघू. लोक साठवणार नाहीत, ओतणार नाहीत, आहे तेवढ्यात पुढचा पावसाळा गाठता येईल. साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, आणि मला रजा हवी आहे का असं विचारलं. शेवटी एका गल्लीपुरती परवानगी मिळाली. महिनाअखेर त्या गल्लीचा वापर पूर्वीपेक्षा कमी दिसला तर सगळ्या शहराला चोवीस तास पाणी. नाही दिसला तर शहराला आठवड्यातून एकदा, आणि मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत. मी डोळे झाकून तुमची गल्ली निवडली. शिस्तीची गल्ली, निम्मे तुमचे विद्यार्थी आणि उरलेले त्यांचे बाप.

पहिल्या आठवड्यातच वापर दुप्पट झाला, आत्या.

कुठंतरी पाणी मुरत होतं. पहिला संशय आला तो पाणी सोडणाऱ्यावर. नळ कायमचा सुरू झाल्यापासून त्याला सोडायला काही उरलेलं नाही, तरी तो दिवसभर हसतमुखानं गल्लीत फिरत असतो. (कामाशिवाय हसणारा सरकारी माणूस मला कधीच सरळ वाटलेला नाही.) तो निर्दोष निघाला, त्याचं लग्न ठरलंय. मग निवृत्त पोस्टमास्तर. एवढ्या दुष्काळात त्यांच्या गॅलरीत टवटवीत गुलाब! मी कठड्यावरून हात घालून एक पाकळी ओढून पाहिली, तर गुलाब कापडी. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. मग उरले दातांचे डॉक्टर. येईल त्याला चूळ भरायला लावणाऱ्या माणसाकडे पाणी लागणारच की. जमिनीखालची गळती ऐकायला आमच्याकडे एक लोखंडी काठी असते. एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. ती घेऊन मी त्यांच्या मागच्या भिंतीवर चढलो. आत भयंकर गुळगुळ ऐकू आली. ती गळती नव्हती, पेशंट होता. डॉक्टरीणबाई खिडकीतून ‘चोर, चोर’ म्हणून ओरडल्या, आणि मी काठीसकट खाली. पेशंटनं बधिर तोंडानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली. तो काय म्हणाला ते एकालाही कळलं नाही, पण विश्वास सगळ्यांनी ठेवला.

तसाच लंगडत तुमच्याकडे आलो. तुम्ही प्रेमानं शेकायची रबरी पिशवी आणलीत आणि ती पाठीला लागताच मी किंचाळलो. गार! आधीच भरलेली! तुम्ही म्हणालात, ‘‘अरे थांब, ती साठ्यातली आहे.’’ आत्या, शेकायच्या पिशवीत साठा? मग मागच्या खोलीचा पडदा वाऱ्यानं हलला आणि मला पिंपं दिसली, घमेली दिसली, कुकर, फुलदाणी आणि काकांचा थर्मास दिसला; सगळं काठोकाठ. तुम्ही शांतपणे सांगितलंत, ‘‘इतकं पाणी देतायत म्हणजे एक दिवस नक्की बंद करणार. फुकटचा चांगुलपणा कोण करतं? भरून ठेवावं, आणि सकाळी शिळं ओतून ताजं भरावं. सगळ्या गल्लीला मी हेच सांगितलंय.’’ म्हणजे पूर्वी पाच दिवसांतून एकदा ओतलं जाणारं पाणी आता रोज ओतलं जातंय. मी गल्लीभर चोर शोधत होतो आणि चोर नव्हताच. होता तो फक्त माझ्यावरचा अविश्वास. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुमची भुवई वर गेली, आणि मी निमूटपणे चहा संपवला.

बाकी सगळं ठीक. काकांना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. भुवई दिसत नाही म्हणून लिहितो. मला खरंच भीती वाटते, आत्या. यंदाही पाऊस आला नाही तर हे शहर काय पिणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याकडे तुमची गल्ली आहे. तेव्हा हात जोडून विनंती: आहे तो साठा ओतू नका, वापरून संपवा आणि पुन्हा भरू नका. (शिळं पाणी ही चीजच नसते. झाकलं असलं की झालं.) गल्लीलाही तुम्हीच सांगा. मी पत्रकं वाटली, त्यांनी त्यांचे पुडे बांधले. नळ बंद होणार नाही. मी शब्द देतो.

आणखी एक. तुमच्या गल्लीत जमलं की पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत चोवीस तास पाणी. तेव्हा तुमची पिंपं रिकामी झाली की त्यातली दोन इकडे पाठवून द्या. ही म्हणते, योजना तुमची असली म्हणून काय झालं, घरात साठा हवाच. मी तिला पुष्कळ समजावलं. झाकणं मात्र आठवणीनं पाठवा.